सोन्याचे नॅनोकण: सायट्रेट पद्धत की थायॉल पद्धत?

सोन्याचे कलिल (द्रवात तरंगत राहिलेले सोन्याचे अतिसूक्ष्म कण) तयार करू इच्छिणाऱ्याने कणाच्या आकाराआधी त्याच्या पृष्ठभागावर काय असायला हवे ते ठरवावे, कारण पद्धतीची निवड बहुतेक वेळा त्यावरच होते.

टर्केविच आणि सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये अभ्यासलेल्या आणि फ्रेन्स यांनी १९७३ मध्ये पुढे नेलेल्या पद्धतीत क्लोरोऑरिक आम्ल या सोन्याच्या संयुगाच्या अतिविरल, उकळत्या द्रावणात ट्रायसोडियम सायट्रेट घालतात. सायट्रेट सोन्याचे क्षपण करते, म्हणजे त्याच्या आयनांना इलेक्ट्रॉन देऊन धातूत बदलते, आणि कणांना ऋण प्रभार देऊन एकमेकांपासून दूरही ठेवते. साधारण १० ते २० नॅनोमीटरचे कण सहज मिळतात. सायट्रेट कमी केल्यास कण मोठे होतात, पण ३० नॅनोमीटरच्या पुढे त्यांचे आकार बेढब होऊ लागतात. सायट्रेटची पकड सैल असल्यामुळे त्याच्या जागी प्रथिने किंवा थायॉल (सोन्याला घट्ट चिकटणारी गंधकयुक्त संयुगे) बसवता येतात. मात्र याच कारणाने थोडे मीठ पडले तरी कण गोळा होऊन लाल कलिल निळे पडते, आणि ते सुकवले तर पुन्हा पूर्ववत होत नाही.

ब्रस्ट आणि शिफ्रिन यांच्या गटाने १९९४ मध्ये मांडलेल्या पद्धतीत सोन्याचे आयन टोल्युइन या सेंद्रिय द्रावकात नेऊन डोडेकेनथायॉलच्या सान्निध्यात बोरोहायड्राइडने क्षपण करतात. १ ते ३ नॅनोमीटरचे हे कण भुकटीच्या रूपात साठवून पुन्हा विरघळवता येतात, ही सोय मोठीच आहे. पण ते पाण्यात जात नाहीत, आणि आयन वाहून नेणारे अमोनियम लवण धुऊन काढणे कंटाळवाणे असते. जैविक चाचणीसाठी मी सायट्रेटच निवडेन.

मापनाचे साधनही पद्धतीनुसार बदलते. सायट्रेट कलिलाचा ५२० नॅनोमीटरजवळचा शोषणपट्टा (ज्या तरंगलांबींचा प्रकाश कण शोषतात तो पट्टा) पाहून बरेच कळते, आणि तो रुंदावून लांब तरंगलांबीकडे सरकला तर कण गोळा होऊ लागल्याचा संशय घ्यावा. दोन नॅनोमीटरच्या कणांत मात्र हा पट्टा जवळजवळ नाहीसा होतो, म्हणून तेथे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला पर्याय नाही. हा सूक्ष्मदर्शक केवळ धातूचा गाभा दाखवतो, तर गतिक प्रकाश प्रकीर्णनात (कणांनी विखुरलेल्या प्रकाशावरून त्यांचा आकार काढण्याच्या पद्धतीत) सभोवतालच्या थरासह व्यास मोजला जातो; त्यामुळे दोन्ही आकडे जुळले नाहीत म्हणून कोणतेही मापन चुकीचे ठरत नाही. प्रकीर्णनाची तीव्रता व्यासाच्या सहाव्या घाताने वाढत असल्याने १०० नॅनोमीटरचा एक कण १० नॅनोमीटरच्या दहा लाख कणांइतका प्रकाश विखुरतो, म्हणून नमुना गाळून धूळ काढल्याशिवाय त्या आकड्यावर विसंबू नये.