बाजारातलं फाटकं चित्र: सांधायचं, वरून रंगवायचं की कापायचं?

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईत चोर बाजाराच्या मटन स्ट्रीटवर असं चित्र हमखास भेटतं: फ्रेम भक्कम, निसर्गदृश्य बरं, पण आभाळाला भोक आणि एका कोपऱ्यात बुरशी. घरी आणल्यावर वाटा तीनच. पण त्याआधी एक पाहणी करायलाच हवी.

चित्रावर भिंग धरा. बारीक ठिपके दिसले तर ते छापील आहे. नुसत्या चमकेवर जाऊ नका, कारण तैलचित्राचा भास व्हावा म्हणून ओलिओग्राफवरही, म्हणजे तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या रंगीत छापील चित्रावरही, वार्निश चढवत. राजा रविवर्मा यांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली जुनी प्रत हाती लागली असेल तर तिला ब्रश लावू नका, ओलं फडकंही नको. चित्र हाताने काढलेलं असेल तर मागची बाजू बघा. सही, साल, एखाद्या प्रदर्शनाची चिठ्ठी सापडली तर आधी जाणकाराला दाखवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे, तिथे विचारता येईल.

यातलं काहीच निघालं नाही, तर चित्र तुमचं.

सांधणं सर्वांत स्वस्त, पण वेळखाऊ. चित्र बटर पेपरवर पालथं ठेवा, फाटलेल्या जागेचे धागे चिमट्याने एकमेकांना भिडवा आणि मागून सुती कापडाचं ठिगळ चिकटवा. ठिगळाच्या कडांचे धागे थोडे उसवून घ्या. कड सरळ कापलेली असेल तर काही महिन्यांनी तिची रेघ पुढून उमटते. रात्रभर वजन ठेवा, मग पुढून भेग भरून रंग लावा. खरी अडचण रंगाची येते. जुनं वार्निश पिवळलेलं असतं, त्यामुळे आभाळात नवा निळा लगेच उठून दिसतो. झाडीत किंवा खडकात भोक असेल तर मात्र बेलाशक सांधा.

वरून रंगवण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अख्ख्या चित्रावर गेसो (रंगाआधी लावायचं पांढरं अस्तर) मारून कोरं करणं मला पटत नाही. खाली तैलरंग असेल तर ॲक्रिलिक गेसो त्यावर नीट धरत नाही, काही काळाने पोपडे निघतात. घासून खडबडीत करावं, तर जुन्या पांढऱ्या रंगात शिसं असू शकतं. त्याची धूळ नाकात जाता कामा नये, म्हणून कोरडं घासणं नकोच. एवढं करूनही जुन्या जाड फटकाऱ्यांचे उंचवटे दिसत राहतातच. कोराच कॅनव्हास हवा असेल तर नवा आणा, जुन्याची फ्रेम तेवढी वापरा.

दुसरा प्रकार माझ्या आवडीचा: चांगलं आहे ते राहू द्यायचं आणि फाटक्या भागावरच नवं काही आणायचं. ठिगळ मारलेल्या आभाळावर एकाच सपाट विटकरी रंगाचा मोठा चौकोन, खाली जुनी नदी आणि झाडं तशीच. दुरुस्तीची जागा लपवावी लागत नाही, ती रचनेचा भाग होते. तैलचित्रावर तैलरंगच वापरा. तो वाळायला वेळ घेतो, पण टिकतो.

निम्मं चित्र बुरशीने खाल्लं असेल किंवा हार्डबोर्ड फुगला असेल, तर कापणंच बरं. कॅनव्हास नव्या चौकटीवर ताणायचा असेल तर कडेने चार-पाच सेंटिमीटर कापड दुमडण्यात जातं, चित्र तेवढं लहान होतं. त्यापेक्षा तुकडा जाड बोर्डावर चिकटवून वर माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) लावायला फ्रेमवाल्याला सांगा. मात्र कापलेलं परत येत नाही, म्हणून आधी कागदाची खिडकी चित्रावर फिरवून तुकडा निवडा.

रंगाच्या खपल्या पडत असतील तर वरून रंगवण्याचा विचार सोडा. नवा थर जुन्यासकट गळून पडेल. बुरशी असेल तर मास्क लावून, घराबाहेर, मऊ कोरड्या ब्रशने झाडा आणि चित्र पूर्ण वाळल्याशिवाय इतर चित्रांजवळ टांगू नका. पावसाळ्यात ओल धरणारी भिंत टाळा. दुसरी भिंत नसेलच, तर फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळती राहील.