नातीच्या नाकाचं ऑपरेशन : चार तारे, पाचवा का नाही ते वाचा

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. तक्रारही करणार आहे आणि अजून तिथेच जायचंय. पुण्यातलं आहे, एवढं पुरे.

मी बार्शीला शिवणकाम करते. लेक पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे आली होती. मुलगी झाली, चांगला टाहो फोडला, गुलाबी गुलाबी. रडणं थांबलं की मात्र ओठ निळे. पुन्हा रडली की गुलाबी. असं तीन-चारदा झाल्यावर तिथल्या दवाखान्यातल्या एका जुन्या सिस्टरनी ६ नंबरची बारीक नळी नाकपुडीत घालून पाहिली. तीनेक सेंटिमीटरवर अडली. दुसऱ्या बाजूलाही तेच. नुकतं जन्मलेलं बाळ नाकानेच श्वास घेतं, तोंडाने घ्यायचं त्याला सुचत नाही. रडायला तोंड उघडलं की तेवढ्यापुरती हवा आत जाते. त्या बाईंनी तोंडात प्लास्टिकचा इवलासा एअरवे, म्हणजे तोंडातून श्वासाची वाट उघडी ठेवणारी नळी, बसवून पट्टीने चिकटवला. पोर तिथेच वाचली. त्या या हॉस्पिटलच्या नाहीत, तरी पाचच्या पाच तारे त्यांना आधी.

ऑक्सिजनच्या गाडीतून पुण्याला पोचलो तेव्हा रात्र झाली होती. कुणी डिपॉझिटचं विचारत बसलं नाही, पोरीला सरळ आत घेतलं. सकाळी डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. नाकाची वाट मागे घशात उघडते, तिथे हिच्या दोन्ही बाजूंना हाडाची भिंत आहे. कोॲनल अट्रेसिया म्हणतात. साधारण ७-८ हजार बाळांत एखाद्याला होतं, मुलींत जास्त. पोटात दीड-दोन महिन्यांची असताना जो पडदा उघडायला हवा तो उघडलाच नाही. (आमच्या गल्लीत ग्रहणाचं खापर लेकीच्या माथी फोडून झालं होतं. ते चित्र मी घडी करून आणलं आणि दोघीतिघींना दाखवलं.)

ऑपरेशन लगेच केलं नाही, याचा तेव्हा राग आला होता. आधी नाक साफ करून सीटी स्कॅन, मग हृदयाची इको, डोळे, कान, किडनीची सोनोग्राफी. अशा मुलांत कधी कधी 'चार्ज' नावाचा आजार असतो, त्यात हृदयात, डोळ्यांत, कानांतही दोष असतात, म्हणून. हिचं बाकी सगळं नीट निघालं. तोवर दूध तोंडातून पोटात घातलेल्या नळीनेच. लेक तासातासाला दूध काढून द्यायची, तेही जिन्याखाली पाठमोरी बसून, कारण बाळांच्या एवढ्या मोठ्या विभागात आईला बसायला पडद्याआड एक कोपरा नाही. हे लिहिलंच पाहिजे.

सहाव्या दिवशी दुर्बिणीने नाकातूनच ऑपरेशन झालं, बाहेर एक टाका नाही. हाड कोरलं, दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याचा मागचा तुकडा काढला आणि वाट पुन्हा मिटू नये म्हणून दोन्हीकडे नळी बसवली. आता काही डॉक्टर नळी ठेवत नाहीत असंही त्यांनीच सांगितलं, पण हिचं नाक फार लहान म्हणून ठेवली. नळी नाकाखालून आडवी जाते. तिथली कातडी घासून जखम होऊ नये म्हणून रोज बघायचं. काज जरा तंग झालं तर कापड कसं फाटतं ते मला कुणी शिकवायला नको.

खरं काम पुढेच होतं. नळीत शेंबूड वाळून बसला तर पोर पुन्हा निळी. दर तीन-चार तासांनी सलाईनचे थेंब टाकायचे आणि बारीक नळीने ओढून घ्यायचं. सिस्टरनी नळीवर चिकटपट्टीची खूण केली, "आजी, खुणेच्या पुढे जायचं नाही," म्हणाल्या आणि लेकीकडून सहा वेळा, माझ्याकडून चार वेळा स्वतः उभं राहून करवून घेतलं. माझा हात थरथरला तेव्हा हसल्या नाहीत. चार तारे आहेत ते यासाठी.

पाचवा गेला तो डिस्चार्जला. शनिवारी संध्याकाळी घरी सोडलं, कागदावर 'सक्शन एसओएस' एवढंच, म्हणजे लागेल तेव्हा मशीनने ओढून घ्या. मशीन कुठलं, कुठे मिळतं, कुणी चकार शब्द बोललं नाही. खालच्या मेडिकलवाल्याने विजेवरचं दाखवलं. आमच्याकडे वीज किती तास असते ते त्याला काय माहीत! जावयांनी तीन सर्जिकलची दुकानं पालथी घातली, तेव्हा पायाने चालवायचं मशीन भाड्याने मिळालं. तीस वर्षं पायमशीन मारतेय मी. रात्री अंधारात लेक नळी धरायची, मी पाय मारायची.

चौथ्या आठवड्यात नळी काढली. अडीच महिन्यांची असताना उजवी बाजू परत आकसली, पुन्हा भूल देऊन रुंद केली. असं होऊ शकतं हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, म्हणून डॉक्टरांवर राग नाही. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे.

पोर आता अकरा महिन्यांची. तोंड मिटून झोपते, बारीक घोरते. मशीनचं भाडं चालूच आहे, परत द्यायचा धीर होत नाही.