सेरामाइडचं क्रीम: दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत वापरून

संभाजीनगरची थंडी कोरडी. दिवाळी सरली की माझ्या नडग्या खवले धरतात, नखाने रेघ ओढली तर पांढरी उमटते. त्यात भांड्यांचा साबण आणि बोअरचं जड पाणी, म्हणून बोटांची पेरं चिरतात. या दोन तक्रारींसाठी बिनवासाचं सेरामाइड (त्वचेतलाच एक स्निग्ध पदार्थ) असलेलं क्रीम आणलं आणि उन्हाळा लागेपर्यंत रोज लावलं. ब्रँडचं नाव देत नाही, कारण साधारण याच घटकांची क्रीमं बऱ्याच कंपन्या काढतात. बघायची ती मागची यादी.

यादीत सेरामाइडचे एनपी, एपी, ईओपी हे प्रकार होते आणि कोलेस्टेरॉलही. ते वाचून आईने बाटली लगेच खाली ठेवली, "हे कशाला अंगाला चोळायचं!" पण त्वचेला तेच हवं असतं. सगळ्यात वरच्या थरातल्या मृत पेशी म्हणजे विटा आणि मधले स्निग्ध पदार्थ म्हणजे सिमेंट, असं चित्र अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ पीटर इलायस यांनी मांडलं. या सिमेंटात वजनाने निम्मं सेरामाइड, पाव भाग कोलेस्टेरॉल आणि उरलेल्यात मुख्यतः फॅटी ॲसिड्स. तिन्ही असली तर भिंत नीट बसते. म्हणून नुसतं 'विथ सेरामाइड' छापलेल्या डब्याला मी भुलत नाही. किती टक्के ते सहसा कोणी छापत नाही, हा माझा राग आहेच. यादीत घटक जास्तीकडून कमीकडे लिहितात, आणि फिनॉक्सिइथेनॉल हे क्रीम टिकवणारं रसायन साधारण एक टक्क्याच्या आतच घालतात. सेरामाइडचं नाव त्याच्याही खाली असेल तर ते अगदी थोडं आहे हे समजून घ्यावं. माझ्या बाटलीवरही खालीच होतं. अर्थात सेरामाइड थोडंही पुरतं म्हणतात, त्यामुळे एवढ्यावरून बाद करू नका.

आता फरक. पहिल्या आठवड्यात जो मऊपणा आला तो ग्लिसरीन आणि पेट्रोलेटमचा, तो व्हॅसलीननेही येतो. खरा बदल महिन्याभराने दिसला: एखाद्या दिवशी लावायचं राहिलं तरी नडगी पांढरी पडेना. वरचा थर नवा व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो, तेव्हा घाई करून उपयोग नाही. पेरांच्या चिरा मात्र भांडी घासताना हातमोजे घालायला लागल्यावरच बुजल्या. साबण अल्कधर्मी, त्वचा किंचित आम्लधर्मी. आणि सेरामाइड तयार करणारी त्वचेतली एन्झाइम्स आम्लातच नीट चालतात. एकीकडून साबणाने धुऊन काढायचं आणि दुसरीकडून महागडं क्रीम चोपडायचं, याला अर्थ नाही.

लावायची वेळ महत्त्वाची. आंघोळीनंतर पंचाने अंग टिपायचं, घासायचं नाही, आणि ओलसर असतानाच लावायचं. कोरड्या अंगावर लावलं तर निम्मा परिणामही मला जाणवला नाही.

टाचांसाठी आमचं कोकणातलं भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेलच सरस. त्यात सेरामाइड नाही, पण वर जाड थर धरतं आणि रात्री मोजे घातले की काम होतं, तेही स्वस्तात. मोहरीचं तेल मात्र टाळा, त्याने त्वचेचा वरचा थर उलट बिघडतो असं प्रयोगांत दिसलंय. सूर्यफुलाचं त्यापेक्षा बरं. त्यातलं लिनोलेइक ॲसिड काही सेरामाइडांच्या घडणीतच लागतं.

चेहऱ्याला मार्चनंतर जड झालं, घामाने चिकचिक. तिथे बंद केलं, हातापायांना चालू आहे. इसब असलेल्यांनी डॉक्टरांचं औषध सोडून यावर विसंबू नये. आणि पंपाची बाटली घेऊ नका, ट्यूब घ्या. पंप हवा ओढायला लागल्यावर मी बाटली कात्रीने कापली, तर आत आणखी आठवडाभर पुरेल एवढं क्रीम निघालं.