धोमच्या पाण्यावर १२ मीटरची काईट, सात महिन्यांनंतर

डिसेंबरात गोव्याच्या एका माणसाकडनं काईटसर्फिंगचा, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीवर बोर्डवर उभं राहून पाण्यावरनं पळायचा, सेकंडहँड सेट घेतला, १२ (चौरस) मीटरची फुगवायची काईट, ती हातात धरायचा बार आणि १४० बाय ४२ सेंटीमीटरचा बोर्ड, सगळं मिळून ७५ हजारात. हार्नेस, म्हणजे काईटची ओढ कमरेवर घेणारा पट्टा, माझा आधीचा होता. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण जे काय झालं त्यात तिचा दोष फार थोडा आहे आणि खरं सांगायचं तर हा रिव्ह्यू काईटचा कमी आणि धोम धरणावरच्या वाऱ्याचा जास्त होणार आहे.

मी शिकलो रामेश्वरमला, समुद्रावर. तिथं वारा एकदा लागला की संध्याकाळपर्यंत एका सुरात वाहतो. साताऱ्यात परत आलो आणि म्हटलं आपल्याकडं एवढी धरणं असताना कशाला दर वेळी तमिळनाडू गाठायचं. आधी बामणोली, तापोळा बघून आलो. कोयनेचं पाणी मोठं, १०५ टीएमसीचं धरण, पण खोरं सगळं वेडंवाकडं, कडेला उभा उतार आणि झाडी, काईट पसरायला जागा नाही, शिवाय बाजूला अभयारण्य. धोम त्यामानानं लहान, साडेतेरा टीएमसी, पण वाईपासून जवळ आणि एप्रिल-मेमध्ये पाणी खाली गेलं की कडेला सपाट जमीन मोकळी होते. रीतसर विचारून, बोटिंगवाल्यांना सांगून आणि एक मोटरबोट तयार ठेवूनच उतरायचं हे आधीच ठरवलेलं.

डिसेंबर ते फेब्रुवारी काईट नुसती माळ्यावर होती, वाराच नाही. मार्चपासून दुपारी तीननंतर पश्चिमेकडनं खोऱ्यातनं वारा यायला लागला, १२ ते १६ नॉट, म्हणजे ताशी २२ ते ३० किलोमीटर, आणि माझ्या ७४ किलोला १२ मीटर एकदम बरोबर बसली. पाण्यावर पांढरे फेस दिसायला लागले की निघायचं, हा हिशोब मोबाईलच्या ॲपपेक्षा जास्त खरा निघाला. पहिल्या महिन्यात मी साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पवनचक्क्या गरागरा फिरताना बघून धोमला पळत आलेलो, इथं पाण्यावरचं शेवाळ पण हलत नव्हतं. त्या पठारावर आहेत ओ, आपण खोऱ्यात, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

आता खरी गोष्ट. वारा सरळ खोऱ्यातनं आला तर मजा आहे, पण तो जरा वायव्येकडं सरकला की उत्तरेच्या डोंगरावरनं उडी मारून खाली येतो, मग दहा सेकंद काहीच नाही आणि अकराव्या सेकंदाला धपाटा. वाऱ्याची ओढ वेगाच्या वर्गात वाढते, त्यामुळं १२ चा २० नॉट झाला की ओढ दीडपट नाही, जवळजवळ पावणेतीनपट होते. बार पूर्ण ढकलून डीपॉवर केलं, म्हणजे काईटची ओढ कमी केली, तरी ही काईट तेवढं सगळं सोडत नाही. समुद्रावरच्या रिव्ह्यूत हे कुणी लिहीत नाही कारण तिथं हे होतच नाही.

मेच्या शेवटी याच धपाट्यात एकदा काईट पडली ती उठेचना. फ्रान्सच्या लेगेन्यू बंधूंनी १९८४ ला या फुगवलेल्या नळीच्या काईटचं पेटंट घेतलं ते याचसाठी, पाण्यात पडली तरी तरंगावी आणि परत उडावी, पण परत उडायला वारा लागतो ना, तोच गेलेला. मधनं मधनं झुळूक यायची ती मला ओढत न्यायची, आणि धोमला पश्चिमेचा वारा असला की वारा नेतो त्या बाजूला येते धरणाची भिंत. क्विक रिलीज (काईटची ओढ एकदम सोडायची कळ) दाबलं, लाईन बारला गुंडाळत काईटपर्यंत गेलो, टोक धरलं आणि तिरका तिरका काठाकडं सरकत राहिलो. बोट येईपर्यंत भिंतीच्या दगडांना कापड घासलं, वीतभर फाटलं. रिलीज मात्र पहिल्या झटक्यात सुटलं, त्याचे पूर्ण मार्क.

दुसरा शत्रू बाभळीचा काटा. काठावर वाळलेल्या फांद्या पडलेल्या असतात, मी ताडपत्री न अंथरता फुगवली आणि पुढची नळी अर्ध्या तासात मऊ. ब्लॅडर, म्हणजे नळीच्या आतली हवेची पिशवी, काढून वाईत सायकल पंक्चरवाल्या मामांकडं नेलं, त्यांनी घमेल्यात पाणी घेऊन वीत वीत दाबत बुडबुडा बरोबर शोधला, वर विचारलं "एवढा मोठा पतंग उडवतो व्हय, मग मांजा कुठाय?" ठिगळ तिसऱ्या दिवशी निघालं, त्यात मामांचा दोष नाही, हे टीपीयू प्लास्टिक, त्याला रबराचं सोल्युशन धरत नाही. नंतर स्पिरिटनं पुसून किटमधलं चिकटठिगळ लावलं, टाल्कम पावडर फासून ब्लॅडर आत सरकवलं, अजून टिकून आहे.

गोड्या पाण्याचा फायदा आहेच, मीठ नाही त्यामुळं लाईन, पुली अजून नव्यासारख्या, पण गाळ फार बारीक असतो, बारच्या ट्रिममध्ये, म्हणजे ओढ कमीजास्त करायच्या जागी, बसून दोरी करकरते, दर वेळी बादलीत बुचकळायची. पाणी हलकं म्हणून माणूस जास्त बुडतो वगैरे म्हणतात, घनमीटरला १००० आणि १०२५ किलोचा फरक, मला तरी कधी जाणवला नाही. मासेमारीच्या जाळ्यांचा मात्र जाणवला. थर्माकोलच्या तराफ्यावरनं जाळी टाकणारे एक काका आहेत, एकदा बोर्डाच्या खालची फिन (छोटं पातं) त्यांच्या जाळ्यात गेली, मी शिव्या खायच्या तयारीत, तर ते शांतपणे सोडवत म्हणाले "आधी विचारायचं की ओ, जाळं कुठं हाय ते." तेव्हापासून उतरायच्या आधी त्यांना विचारतो.

जून लागला आणि १२ मीटर संपली. पावसाळी वारा २५ नॉटच्या वर जातो, त्यात ही काईट उघडायची नाही म्हणजे नाही. फाटलेलं शिवून घेतलंय, पुढच्या मार्चला परत चालेल. तोवर कुणी बरी ९ मीटर विकत असेल तर कळवा, बार माझ्याकडं आहे, नुसती काईट पाहिजे.