लॉर्ड ऑफ द रिंग्जचा १५ डिस्कवाला सेट, सेकंडहँड – हाल्दिरसाठी घेतला, पैसे वसूल

डेक्कनला एका बोळात जुन्या सीडी-डीव्हीडी विकणारे एक काका आहेत, त्यांच्याकडून लॉर्ड ऑफ द रिंग्जच्या तिन्ही सिनेमांचा एक्स्टेंडेड (म्हणजे थिएटरपेक्षा जास्त सीन असलेला) ब्लू-रे सेट उचलला. बॉक्सचे कोपरे पार चेपलेत पण डिस्क चकाचक. काका एकेक डिस्क ट्यूबलाइटखाली तिरकी धरून दाखवतात आणि वर ‘आत्ताच काय ते बघून घ्या, नंतर परत घेणार नाही हं’ असा दमही भरतात.

ओटीटी असताना हे कशाला असं घरी सगळ्यांनी विचारून झालं. हाल्दिरसाठी, अजून काय! तोच तो सोनेरी केसांचा एल्फ, जो दुसऱ्या भागात हेल्म्स डीप किल्ल्यावरच्या लढाईला तिरंदाज घेऊन येतो आणि तिथेच मरतो (पुस्तकात ही एल्फ फौज तिकडे फिरकतही नाही, तरी त्या सीनला आपल्या घशात आवंढा येतोच). थिएटरवाल्या पहिल्या भागात तो आला कधी गेला कधी कळत नाही, पण एक्स्टेंडेडमध्ये तो हिरो फ्रोडोच्या टोळीला लोथलोरिएनमध्ये, म्हणजे एल्फच्या जंगलात, पुढे सोडायलाच तयार नसतो, टोळीतला अरागॉर्न त्याच्याशी हुज्जत घालत बसतो, आणि मग आधी दारातच अडवणारा हाच माणूस पुढे यांच्यासाठी मरायला येतो हे बघताना जाम भारी वाटतं.

हाल्दिर झालेला क्रेग पार्कर १९७० साली फिजीत, सुवाला जन्मला आणि करिअर केलं न्यूझीलंडमध्ये. तिथल्या शॉर्टलंड स्ट्रीट या सोपमध्ये तो गाय वॉर्नर होता. हाल्दिरनंतर मात्र टीव्ही सिरीजमध्ये बहुतेक कावेबाज लोकच वाट्याला आले, लेजंड ऑफ द सीकरमधला डार्कन राल काय, स्पार्टाकसमधला ग्लेबर काय, रेनमधला लॉर्ड नार्सिस काय. आणि सगळे त्याने असले मजा घेत केलेत ना, की हिरोपेक्षा आपण याचीच वाट बघतो. रेन तर शूट व्हायची कॅनडात, म्हणजे भाऊ कुठून कुठे पोचला बघा.

सेटमधली बेस्ट गोष्ट म्हणजे टू टॉवर्सवरची (दुसरा भाग) कलाकारांची कॉमेंट्री, म्हणजे सिनेमा चालू असताना त्यांच्या गप्पा, त्यात पार्करपण आहे, एवढ्याशा रोलवाल्याला कोण बसवतं एरवी! वैताग दोनच, एक म्हणजे प्रत्येक सिनेमा दोन डिस्कवर असल्याने ऐन रंगात आल्यावर उठावं लागतं, आणि एक्स्ट्राच्या ९ डीव्हीडी माझ्या प्लेयरने घेतल्याच नाहीत, डीव्हीडीला देशांप्रमाणे रीजनचं कुलूप असतं, कॉपी अमेरिकेची, रीजन १, आपल्याकडचा प्लेयर रीजन ५. तेवढं काकांना आधी विचारून घ्या.

आणि पार्कर आवडला म्हणून लगेच स्पार्टाकस लावणार असाल तर आईबाबा गावाला गेल्यावरच लावा.