सीएनसीच्या नावाखाली पुट्टी भरलेली गिटार

गिटारची बॉडी करून देणाऱ्या कारागिराने ६० टक्के पैसे आगाऊ घेतले, उरलेले ४० टक्के बॉडी पाठवायच्या आधी. म्हणजे माल हातात पडला तेव्हा आपल्याकडे अडवून धरायला दमडी उरली नव्हती. ठरलं होतं ते असं: दोन हंबकरच्या (तारांची कंपनं टिपणाऱ्या दुहेरी गुंडाळीच्या पिकअपच्या) कॅव्हिटी म्हणजे खाचा, सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर कापलेल्या, ४० बाय ७१ मिलिमीटर, खोली १९, पिकअपच्या पायांपुरती थोडी जास्त. वर शील्डिंग पेंटचे, म्हणजे बाहेरची खरखर अडवणाऱ्या वीजवाहक रंगाचे, वेगळे पैसे. आलं काय, तर हातराउटरने (हातात धरून खाचा पाडायच्या यंत्राने) कुरतडलेलं लाकूड, त्यात पुट्टी आणि वरून चकाचक पुसलेल्या रिंगा, म्हणजे पिकअपभोवतीच्या चौकटी.

सगळा खेळ रिंगांचाच. हंबकरची रिंग बाहेरून साधारण ८९ बाय ४६ असते, त्यामुळे कॅव्हिटी दोन-तीन मिलिमीटर वाकडी गेली तरी वरून ताकास तूर लागत नाही. ब्रिजकडची कॅव्हिटी रुंदीला ४५ निघाली! रिंगच्या कोपऱ्यातल्या स्क्रूंजवळचं लाकूडही कुरतडलेलं, म्हणून भुसा आणि इन्स्टंट ग्लू कोंबून वर काळा रंग फासलेला. स्क्रू अर्धा फेरा फिरवला की गाळ हातात येतो. त्या ‘शील्डिंग’वर मल्टिमीटर लावून रोध मोजला, तर वीज वाहतच नाही. साधा काळा रंग. रंगाचे पैसे घेतलेत ना, मग मीटर लावून बघाच.

कळायला हवं होतं ते काम चालू असताना पाठवलेल्या फोटोत. कॅव्हिटीच्या तळाला ओळीने बारीक खळगे, फोर्स्टनर बिटच्या (सपाट तळाची रुंद भोकं पाडणाऱ्या ड्रिलच्या) टोकाचे. भिंतीवर अर्धगोल खवले. एक कोपरा गोल, शेजारचा पटाशीने तासलेला. सीएनसीचे चारही कोपरे एकाच त्रिज्येचे येतात, हे कुणालाही माहीत असतं. विचारलंही होतं. उत्तर आलं, ‘आधी भोकं पाडून लाकूड काढतो, कटरवर ताण येत नाही.’ आता हे अर्धं खरंच आहे, हातराउटरने काम करणारे बरेच जण तसंच करतात, त्यामुळे पटण्यासारखं होतं. पण मग शेवटच्या फेरीत कटरने ते खवले पुसायला नकोत का? तो फोटो आजही बघवत नाही.

कॅव्हिटी ४५ कशी झाली हेही सरळ आहे. २५ मिलिमीटर लांब पात्याचा बेअरिंग बिट (पात्याच्या वर फिरती चकती असलेला राउटरचा कटर) आणि ६ मिलिमीटरचं टेम्प्लेट, म्हणजे ती चकती टेकून चालायचा साचा, असेल, तर पातं १९ मिलिमीटर लाकडात उतरल्याशिवाय बेअरिंग टेम्प्लेटला टेकतच नाही. उथळ फेरी मारली की बेअरिंग हवेत आणि पातं टेम्प्लेटच खातं, मग कॅव्हिटीही रुंदावते. टेम्प्लेट जाड हवं, नाहीतर पातं आखूड हवं. एकदा भिंत तयार झाली की टेम्प्लेट काढून बेअरिंग भिंतीवरच चालवायचं, दर फेरीला ३ ते ५ मिलिमीटर. काम देण्याआधी बिटची लांबी आणि टेम्प्लेटची जाडी विचारा. अडखळला की समजा.

मध्यरेषाही ४ मिलिमीटर सरकलेली. बारीक ई तार पोल पीसच्या, म्हणजे पिकअपमधल्या तारेखालच्या खिळ्याच्या, बाहेरून जाते. नेक आणि ब्रिज बसवून दोन्ही कडेच्या तारांच्या जागी दोरा ताणला की दोन मिनिटांत दिसतं. कॅव्हिटीचे फोटो रिंगांशिवाय, व्हर्नियर लावून मागा. शेवटचे ४० टक्के त्यानंतर.

तक्रारीचं तर विचारूच नका. ज्या संकेतस्थळावरून काम दिलं त्यांनी पार्सलच्या खोक्याचा फोटो मागितला. खोकं धडधाकट आहे, आतलं लाकूड फसवं आहे, हे तीनदा लिहिलं. तीनदा तोच छापील मजकूर. मुदत सात दिवसांची, आणि पुट्टी रिंग काढल्याशिवाय दिसत नाही. पैसे पाठवणाऱ्या कंपनीने ‘व्यवहार तुम्हीच मंजूर केलात’ म्हणून हात वर केले. पोलिसांत ‘हा कामाच्या दर्जाचा वाद आहे’. अहो, सीएनसी सांगून हाताने कापलं आणि साधा रंग शील्डिंग म्हणून विकला, यात दर्जा कुठला आला? तो अधिकारी पुट्टीवर बोट फिरवून म्हणाला, ‘छान गुळगुळीत तर आहे.’

दुरुस्ती करायची तर पुट्टी पूर्ण खरवडून, त्याच जातीच्या लाकडाचा ठोकळा रेषा जुळवून चिकटवायचा आणि नव्याने राउट करायचं. पुट्टीवर पुट्टी भरू नका, स्क्रू पुन्हा निघतो.

परवा निरोप आला: तक्रार मागे घ्या, १० टक्के परत करतो. घेतले नाहीत.