ईलान: युपिक कथा ऐकून लिहून काढायला हे सॉफ्टवेअर कितपत कामाचं?

अलास्काच्या नैर्ऋत्येला, युकॉन आणि कस्कोक्विम नद्यांच्या त्रिभुज प्रदेशात युपिक लोक राहतात. त्यांची भाषा बोलणारे सुमारे १०,००० उरलेत आणि अनेक गावांत पोरांच्या तोंडी आता इंग्रजीच आहे. तिथे कथांच्या ध्वनिमुद्रणांची वानवा नाही. बेथेलचं केवायूके रेडिओ केंद्र १९७१ पासून युपिकमधून कार्यक्रम करतंय, फेअरबँक्सचं अलास्का नेटिव्ह लँग्वेज सेंटर १९७२ पासून काम करतंय, शिवाय वडीलधाऱ्यांच्या बैठकांच्या टेप आहेत. काम अडतं ते पुढे, त्या टेप ऐकून नीट लिहून काढण्यात. एक मिनिटाची कथा लिहायला, जाणत्याकडून तपासून घ्यायला आणि भाषांतर करायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. जुनी युपिक कानाला पटकन कळणारी माणसं वयस्कर आहेत, तेव्हा त्यांचा तो तास वाया जाता कामा नये. या कामाच्या दृष्टीने ईलान कसं आहे, ते इथे पाहू.

ईलान हे ध्वनिमुद्रण किंवा चित्रफीत ऐकत-पाहत तिला जोडून मजकूर लिहिण्याचं, नेदरलँड्समधल्या नायमेखेनच्या माक्स प्लांक मानसभाषाशास्त्र संस्थेने केलेलं सॉफ्टवेअर. फुकट आहे, सोर्स कोड खुला आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. इंटरनेट लागत नाही, आणि या भागासाठी ही मोठी सोय आहे. इथल्या गावांना बाहेरून रस्ता नाही. विमान, होडी किंवा बर्फावरची स्नोमशीन यांवरच येणंजाणं चालतं, आणि नेटवर विसंबून मोठ्या फाइली चढवणं-उतरवणं परवडत नाही. ईलानमध्ये लिहिलेली प्रत्येक ओळ आवाजातल्या नेमक्या क्षणाला बांधलेली राहते. ओळीवर क्लिक केलं की कथा सांगणाऱ्या आजीचा आवाज तिथूनच सुरू होतो. वर्डमध्ये उतरवलेल्या कथेत हे बंधन तुटतं आणि नंतर शंका आली तर अख्खी टेप पुन्हा ऐकावी लागते. एवढ्या एका कारणासाठीही हे सॉफ्टवेअर घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. पण ते वापरणाऱ्याला फार सांभाळून घेत नाही, हेही खरं.

सगळा खेळ थरांचा, म्हणजे टीअरचा आहे. सांगणाऱ्याचा एक मुख्य थर, त्याच्याखाली भाषांतराचा, त्याच्याखाली शब्दांचा आणि शब्दांच्या तुकड्यांचा. ऐकणाऱ्याचा थर वेगळाच ठेवा. युपिक कथेत श्रोता मधूनमधून ‘ई-ई’ म्हणून हुंकार देतो. तो सांगणाऱ्याच्या ओळीत कोंबला तर पुढे कोण काय म्हणालं ते उकलत नाही. प्रत्येक थराला एक प्रकार ठरवावा लागतो: भाषांतराला ‘सिम्बॉलिक असोसिएशन’ (वरच्या एका ओळीला खाली एकच ओळ), शब्द आणि तुकड्यांना ‘सिम्बॉलिक सबडिव्हिजन’ (वरच्या एका ओळीचे खाली क्रमाने अनेक भाग). हे कागदावर आधी आखून घ्या. थरात मजकूर आला की त्याचा प्रकार बदलता येत नाही. नवा थर काढून सगळं त्यात उतरवत बसावं लागतं. एकदा बसवलेली रचना टेम्प्लेट म्हणून साठवली की पुढच्या प्रत्येक कथेला तीच उघडता येते.

मग ओळी पाडायच्या. त्यासाठी ‘सेगमेंटेशन मोड’ आहे: आवाज चालू ठेवायचा, ओळ सुरू होताना एकदा आणि संपताना एकदा एंटर दाबायचं. ओळ कुठे तोडायची हे मात्र इंग्रजी वाक्यावरून ठरवू नका. युपिक कथेत सांगणारा जिथे थांबतो, जिथे सूर उतरतो आणि जिथे ‘तुआ-इ’ किंवा ‘तुआ-इ-ल्ल’ (आपल्या ‘मग’, ‘तर’सारखे शब्द) म्हणून पुढे सरकतो, तिथे कथेचे खरे सांधे असतात. भाषाशास्त्रज्ञ अँथनी वुडबरी यांनी चेवाक या युपिक गावच्या कथांवर काम करताना विराम, सूर आणि वाक्यरचना मिळून कथेच्या ओळी कशा बांधल्या जातात, ते दाखवलं आहे. नवखे लिहिणारे ‘तुआ-इ’ पाल्हाळ समजून गाळतात. तसंच ‘-ग्गुक़’ हे ‘असं म्हणतात’ सांगणारं शेपूट. क़ुलिराक़, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली पुराणकथा सांगताना ते सतत येतं, कारण सांगणारा ‘हे मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे’ याची ग्वाही देत असतो. ही दोन्ही गाळली तर कथा सांगायची पद्धतच हरवते. शांतता ओळखून आपोआप ओळी पाडणारी सोय ईलानमध्ये आहे, पण जुन्या टेपच्या खरखरीत ती गोंधळते. स्वच्छ नव्या मुद्रणावर ती वापरा, जुन्यावर हातानेच करा.

लिहिण्यासाठी ‘ट्रान्सक्रिप्शन मोड’ उत्तम. टॅब दाबलं की ती ओळ वाजते, एंटर दाबलं की पुढची. माउसला हात लावावा लागत नाही, आणि संगणकाशी फारशी ओळख नसलेला जाणता माणूसही घटकाभरात सरावतो.

खरा कस लागतो तो युपिक शब्द फोडताना. तुन्तुस्सुक़ातार्निक्साइतङ्क़िग्तुक़ हा एकच शब्द आहे. ‘रेनडियरच्या शिकारीला जाणार असल्याचं त्याने अजून पुन्हा म्हटलं नव्हतं’ असा त्याचा अर्थ. त्यात तुन्तु म्हणजे रेनडियर, स्सुर म्हणजे शिकार करणं, क़ातार म्हणजे बेतात असणं, नि म्हणजे म्हणणं, मग क्साइत म्हणजे अजून न होणं, ङ्क़िग्त म्हणजे पुन्हा, आणि शेवटी ‘तो’ दाखवणारा उक़ हा प्रत्यय. जोडताना तुकडे बदलतात. स्सुरमधला र गळतो, शेवटच्या उक़चा तुक़ होतो. म्हणून शब्दाच्या थरात उच्चारलेलं रूप आणि तुकड्यांच्या थरात मूळ रूपं, अशी फारकत ठेवावीच लागते. ईलान ती नीट पेलतं. मात्र तुकडे आपोआप पडतील अशी अपेक्षा ठेवू नका. शब्दाखाली त्याचे तुकडे आणि अर्थ मांडणारा ‘इंटरलिनिअरायझेशन मोड’ शब्दकोश जोडल्यावर मदत करतो, पण इतक्या लांब शब्दांना शेवटी माणूसच लागतो. शब्द तोडणाऱ्या सोयीत तोडण्याची खूण म्हणून फक्त मोकळी जागा ठेवा. युपिकच्या रोमन लिपीत अपॉस्ट्रॉफी हा लेखनाचाच भाग आहे, आणि संयोगचिन्हाने शेपटं जोडली जातात. दोन्हींपैकी एक जरी तोडणाऱ्या चिन्हांत गेलं तरी शब्दांच्या चिंध्या होतात. वर्डमधून मजकूर चिकटवलात तर सरळ अपॉस्ट्रॉफी वळणदार होते आणि शोधताना तो शब्द सापडतच नाही. चिकटवण्याआधी सगळ्या एकसारख्या करून घ्या.

चित्रफितीत तर ईलानला तोड नाही. युपिक मुली यारुइन नावाच्या सुरीने चिखलात किंवा बर्फात रेघा ओढत कथा सांगतात: आधी घराचा आराखडा, मग माणसं, प्रसंग संपला की ते सगळं पुसून पुढचं चित्र. नुसत्या आवाजात ही अर्धी कथा गळते. इथे ‘रेखाटन’ असा स्वतंत्र थर काढा आणि त्याला ठरावीक शब्दांची यादी जोडा: घर, माणूस, पुसलं. म्हणजे कोणत्या शब्दाला कोणती रेघ पडली, ते शोधता येतं. कॅमेरा वरून, थेट जमिनीवर रोखलेला हवा. मोबाइलवरचं चित्रण बदलत्या फ्रेम दराचं असतं आणि हळूहळू आवाज पुढेमागे सरकतो. ते आधी स्थिर फ्रेम दरात बदलून घ्या. लहरींचा आलेख दिसायला वेव्ह फाइल लागते, ती चित्रफितीतून वेगळी काढून सोबत जोडा. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिटचा एक तास स्टिरिओत सुमारे १ जीबी भरतो. जागा वाचवायला एमपी३ वापरू नका, त्यात वेळेचे आकडे चुकू शकतात.

आता तक्रारी. सर्वांत घातक म्हणजे मुख्य थरातली ओळ पुसली की तिच्याखालचं भाषांतर, शब्द, तुकडे सगळं सोबत जातं. शिवाय नेहमीच्या सेटिंगमध्ये एक ओळ ताणून शेजारच्या ओळीवर नेली तर ती शेजारची छाटली जाते, पूर्ण झाकली गेली तर नाहीशीच होते. वेळा बदलायच्या असतील तेव्हा ‘बुलडोझर मोड’ लावा, मग शेजारची ओळ फक्त पुढे ढकलली जाते. आपोआप बॅकअपचा पर्याय फाइल मेनूत आहे. पहिल्याच दिवशी तो ५ मिनिटांवर ठेवा. ईलान आपलं लेखन ज्यात साठवतं त्या ईएएफ फाइलमध्ये आवाज नसतो, फक्त त्याचा पत्ता असतो. म्हणून दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि हलवायच्या तर एकत्रच हलवा. एकाच फाइलवर दोघांना एकदम काम करता येत नाही. थर वाटून घेऊन नंतर ‘मर्ज’ करता येतं, पण त्यासाठी थरांची नावं तंतोतंत जुळायला हवीत.

लिहिता न येणारे वडीलधारे मुख्य आधार असतील तर सुरुवात एसआयएल या भाषाविषयक संस्थेच्या सेमोअर या सॉफ्टवेअरने करा. त्यात कथेचा तुकडा ऐकवून तोच सावकाश, स्पष्ट पुन्हा बोलून मुद्रित करता येतो, आणि त्याचं लेखन ईलानच्याच ईएएफमध्ये साठतं. ते फक्त विंडोजवर चालतं. शब्दकोश बांधायचा असेल तर एसआयएलचंच फ्लेक्स हे सॉफ्टवेअर हवं. ईलानमधून तिकडे आणि परत मजकूर नेता येतो.

जात्यावरच्या ओव्यांसारख्या मराठी संग्रहालाही हीच रचना लागू पडते, प्रत्येक गाणारणीला वेगळा थर दिला की झालं. मेनू मराठीत नाहीत, पण देवनागरी नेहमीच्या कीबोर्डने टाइप होते.

शाळेसाठी एसआरटी उपशीर्षकं थेट काढता येतात. युपिक आणि इंग्रजी अशा दोन वेगळ्या फाइली काढा. ईएएफ ही साधी एक्सएमएल फाइल असल्याने उद्या ईलान बंद पडलं तरी कोणत्याही टेक्स्ट एडिटरमध्ये उघडेल, त्यामुळे संग्रहालयात देताना वेव्हसोबत तीच द्या. ईलानमध्ये पासवर्ड किंवा परवानगीची सोय अजिबात नाही. एखादी कथा घरातल्यांपुरतीच ठेवावी, असं कुटुंबाने सांगितलं असेल तर तसं फाइलच्या माहितीत लिहा आणि ती शाळेच्या फोल्डरमध्ये मुळात टाकूच नका.